निळ्या दांडीवरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला नाही — तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा उशाशी बसून तोंड उघडलं होतं, पण बाहेर काय पडलं? तर, पंखा लावू का. देवासमोर रोज हात जोडतो, त्यालाही कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात शूरपणा नाही, हे कळतं मला. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला आपण घरातलं सगळं भडाभडा सांगतो आणि जव्हार आलं की पिशवी उचलून उतरून जातो. तसंच समजा हे.

आणि खरं सांगू? मी दमलोय. पश्चात्ताप वगैरे म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो आता उरलेला नाही. एखादी गोष्ट लपवायची म्हणजे रोज तिच्यावर झाकण ठेवून बसायचं. कुणी नुसतं त्या माळाचं नाव काढलं की दचकायचं, मग सावरायचं, मग हसून विषय बदलायचा. किती वर्षं करणार माणूस? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि मूठ आवळून आवळून आता बोटं दुखायला लागलीत.

मी जव्हारला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा एनसीसीच्या हवाई शाखेत ग्लायडर उडवायला शिकलो. ग्लायडर म्हणजे इंजीन नसलेलं विमान. जमिनीवरून लांब तारेने ओढून त्याला वर चढवायचं, तार सोडायची, आणि मग जेवढी हवा साथ देईल तेवढं तरंगून खाली यायचं. पुढे मी दुसऱ्यांना शिकवण्याचा परवानाही काढला. नोकरी जव्हारला लागली तेव्हा वाटलं, संपलं हे सगळं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नाशिकच्या काही हौशी लोकांशी ओळख झाली. त्यांच्याकडे एक जुना दोघांनी बसायचा ग्लायडर होता आणि तार ओढायचं यंत्र होतं, जागा मात्र नव्हती. मी म्हटलं, जागा मी देतो.

खोडाळ्याच्या बाजूला एक लांबलचक माळ होता. दिवाळीनंतर तिथलं गवत कापून त्याच्या गठड्या बांधून ट्रकने जायच्या. एकदा गवत निघालं की सपाट जमीन मोकळी. तिथे दर हिवाळ्यात आमचा कॅम्प लागायला लागला. कॅम्पच्या मुख्यांना सगळे मेजर म्हणायचे. बिचारे फौजेत कधीच नव्हते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण मिशा तशा होत्या. मेजर, नाशिकची पाच-सहा मंडळी, मी, आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं. असा आमचा संसार.

तुम्ही म्हणाल, कबूल करायला बसलाय आणि हे काय सांगत सुटलाय? थांबा जरा. वाटेवरच आहे मी. ही वाट मला सरळ चालता येत नाही.

काशिनाथ सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. कॅम्पच्या पहिल्या वर्षी तो जीप घेऊन आला होता, आमचं सामान टाकायला. जव्हार-मोखाडा रस्त्यावर दुसऱ्याच्या मालकीची जीप चालवायचा. ते घाट, ती वळणं, टपावर बसलेली माणसं, आणि याचा हात असा हलका की मागच्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं व्हायचं नाही. सामान टाकून तो निघून गेला नाही. दिवसभर ग्लायडरभोवती घुटमळत राहिला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या वर्षी मी मेजरना म्हटलं, याला शिकवू या. मेजर म्हणाले, तुमची जबाबदारी. मी म्हटलं, माझी. हा शब्द मी वापरला होता, आठवतोय मला.

त्याला शिकवताना मला जो आनंद झाला तो उभ्या नोकरीत कुठल्या वर्गात झाला नाही. हेही खरंच आहे. मी त्याच्यावर जीव लावला होता. माझ्यासारखा माणूस जीवही लावतो आणि — असो.

आता ब्रेकचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

ग्लायडरमध्ये डाव्या हाताशी एक निळी दांडी असते. ती मागे ओढली की दोन्ही पंखांतून फळ्या उभ्या राहतात, हवा अडते आणि ग्लायडर खाली उतरू लागतो. तीच दांडी अगदी शेवटपर्यंत, पार टोकाला ओढली की चाकाचा ब्रेक लागतो. एकच चाक असतं, पोटाखाली. म्हणून उतरताना दांडी टोकाला न्यायची नाही, नाहीतर चाक आवळलेलं असतानाच जमिनीला टेकतं. टेकल्यावर मधली स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायची काठी, पोटाशी ओढून धरायची, म्हणजे शेपूट खाली राहतं. पंख समतोल, नाक समोर. वेग आपोआप मरू द्यायचा. आणि मग अगदी शेवटी, गरज असलीच तर, ब्रेक हळूहळू आवळायचा, गायीची धार काढल्यासारखा. झटका दिला की चाक जागच्या जागी गच्च होतं आणि ग्लायडर घसरतो. एकदा घसरला की तो तुमचा राहत नाही. आमच्या माळावर तर जास्तच, कारण कापलेल्या गवताच्या सुकलेल्या काड्या सगळीकडे पसरलेल्या असायच्या. त्यावर चप्पलसुद्धा सटकायची.

मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचो, ब्रेक नाहीच असं समजून उतरायचं. समोर जागा ठेवायची. माणसांच्या, झाडाच्या, उभ्या जीपच्या दिशेने तोंड करून उतरायचं नाही, ब्रेकच्या भरवशावर तर कधीच नाही. फळ्यावर खडूने चित्र काढून सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

कारण माझी स्वतःची रीत वेगळी होती. त्याचं असं की, ग्लायडर जिथे थांबेल तिथून तो पुन्हा तारेपाशी ढकलत आणावा लागायचा. माळ लांब, ऊन डोक्यावर, आणि पाड्यावरची माणसं घाम गाळत ते धूड ढकलायची. त्यात अर्धा दिवस जायचा. म्हणून आमच्यात एक खोड लागली. उतरताना लगेच टेकायचं नाही, लांबवर तरंगत यायचं, आणि जिथून तार लावायची, माणसं उभी असतात, त्या मोहाच्या झाडाजवळ नेमकं आणून ब्रेक मारायचा. याला आम्ही म्हणायचो, दारात लावणं. "सरांनी आज दारात लावला," असं म्हणून पाड्यावरचे लोक खूश व्हायचे. ढकलायचं वाचलं ना! त्यातला एखादा धावत पुढे यायचा आणि ग्लायडर थांबता थांबता पंखाचं टोक हातात झेलायचा, म्हणजे पंख जमिनीवर आपटू नये. यातही चढाओढ असायची. मेजर ओरडायचे, ग्लायडर पूर्ण थांबल्याशिवाय पुढे यायचं नाही. कोण ऐकतंय?

दारात लावण्यात माझ्याइतका पटाईत कुणी नव्हता. मला त्याची मिजास होती. सांगून टाकतो, होतीच.

पंख झेलण्यात पटाईत होता देवराम, काशिनाथचा मोठा भाऊ. बाप लवकर गेलेला, म्हणून देवरामनेच काशिनाथला वाढवलं, शाळेत घातलं. अंगाने काटक, पायाने वारा. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, डोंगरउताराचं शेत एकट्याने कसायचा. भाऊ विमान शिकतोय याचं त्याला इतकं अप्रूप, की आठवड्यातून दोनदा तरी सगळी कामं टाकून माळावर यायचा. काशिनाथ वर असला की देवराम हनुवटी वर करून, तोंड उघडं टाकून उभा. लोक त्याची चेष्टा करायचे, माशी जाईल म्हणायचे. तो हसायचा, पण मान खाली करायचा नाही.

काशिनाथचं शिकणं पुरं होत आलं, त्याच वर्षी त्याचं एसटीच्या ड्रायव्हरच्या भरतीत नाव निघालं होतं. चाचणी व्हायची बाकी होती, पण त्याचा हात बघितलेल्या कुणालाही शंका नव्हती. पाड्यावर पहिली सरकारी पगाराची नोकरी. आणि त्याच आठवड्यात मी ठरवलं होतं, आता याला ग्लायडर एकट्याला द्यायचा. एकट्याने उडायच्या आधी प्रशिक्षकाबरोबर एक शेवटचं उड्डाण लागतं, तेवढं झालं की झालं.

ते उड्डाण दुपार कलल्यावर निघालं. काशिनाथ पुढे, मी मागे. दोन्ही जागांना सगळं दुहेरी असतं — स्टिक दोन, निळ्या दांड्या दोन, पण आतून जोडलेल्या. पुढची हलली की मागचीही हलते. मागून कुणी ओढली तर पुढच्याच्या दांडीलाही तोच झटका. बाहेरून बघणाऱ्याला कधीच कळत नाही कुणाच्या हाताने काय झालं. हे लक्षात ठेवा. माझं पुढचं सगळं आयुष्य याच्या आडोशाला गेलं.

काशिनाथने उतरायला घेतलं ते पुस्तकात घालावं असं. जागा बरोबर, वेग बरोबर. तो माळाच्या अलीकडच्या टोकाला टेकणार होता आणि मधोमध थांबणार होता. मीच शिकवलं होतं तसं, समोर रिकामी जमीन ठेवून. आणि मी काय बघत होतो? मी सूर्याकडे बघत होतो. इतक्या लांब थांबला की ढकलत न्यायला वेळ जाणार, ऊन उतरणार, आणि त्याचं एकट्याचं उड्डाण उद्यावर जाणार. मला ते आजच हवं होतं. देवराम आलेला होता ना. शिवाय — हेही सांगतो — सरांचा चेला दारात लावतो, असं लोकांनी म्हणावं, असंही वाटलं.

मी मागून म्हणालो, "जाऊ दे पुढे."

त्याने क्षणभर थांबून दांडी पुढे केली. फळ्या मिटल्या. ग्लायडर तरंगत सुटला. टेकला तो फार पुढे, आणि वेगात. मोहाचं झाड, जीप, माणसं भराभर मोठी व्हायला लागली. मागच्या जागेवरून समोरचं नीट दिसत नाही, पुढच्याचं डोकं आड येतं. मला देवराम दिसला तो उशिरा. तो डावीकडून पंख झेलायला धावत येत होता, सवयीने, आणि ग्लायडर रोजच्यापेक्षा जोरात आहे हे त्याला कळलेलं नव्हतं.

मी निळी दांडी टोकापर्यंत ओढली. झटक्याने. स्टिक मागे घेतली नाही, काही नाही. इतकी वर्षं जे करू नका म्हणून शिकवलं ते सगळं मी एका श्वासात केलं. चाक गच्च झालं, काड्यांवरून ग्लायडर घसरला, नाक डावीकडे फिरलं, डावा पंख खाली गेला आणि देवरामच्या गुडघ्यावर बसला.

आणि थांबला कुठे, सांगू? बरोबर दारात.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती चूक. नाही हो. चूक माणसाकडून होते, घाबरल्यावर हात ओढला जातो. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

देवरामला जीपमध्ये घातलं. मेजर धापा टाकत आले आणि त्यांनी विचारलं, ब्रेक कुणी मारला? मी तोंड उघडायच्या आत काशिनाथ म्हणाला, मी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पुढे बसलेला तो, उडवणारा तो, आणि मागे बसलेले सर चुकतील हे त्याच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. मी पुढे जाऊ दे म्हणालो होतो, हेही तो बोलला नाही. मला सांभाळून घेण्यासाठी नाही, त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही म्हणून.

तेव्हा मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, शिकताना होतं असं.

काय दिलदार वाक्य! सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मेजरनीसुद्धा पुढे कुणाला काही विचारलं नाही. खोटं न बोलता मी खोटं बोललो होतो, आणि वर मोठेपणाही पदरात पाडून घेतला होता. मांजर डोळे मिटून दूध पितं ते तरी दुधासाठी पितं. मी कशासाठी? परवाना जाईल म्हणून? शाळेत बोभाटा होईल म्हणून? कारणं शोधली तर भरपूर सापडतील, पण ती मांडायला मी बसलेलो नाही.

अजून मुद्द्याला आलेलो नाही मी. आता येतो.

देवरामला आधी जव्हारला आणि मग नाशिकला नेलं. गुडघ्याचा चुरा झाला होता. मी रजा टाकून त्याच्यापाशी राहिलो, त्याचंही लोकांनी कौतुक केलं. काशिनाथ बाहेर व्हरांड्यात बसायचा, आत यायला धजायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी देवराम जरा बोलायला लागला. मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक.

"सर, काशीचा हात दांडीवर नव्हता," तो म्हणाला. "तो मना हात करीत व्हता, बाजूला हो म्हणून. डावा हात, वर, काचेला लागलेला. मी पाह्यला."

तुम्हाला कळतंय ना, त्याने काय बघितलं होतं? ग्लायडरच्या पुढच्या माणसाभोवती सगळी काच असते. समोरून धावत येणाऱ्याला आतला माणूस लख्ख दिसतो. डावा हात वर होता म्हणजे दांडी मोकळी होती. मग दांडी कुणी ओढली? सगळ्या माळावर हे एकाच माणसाने बघितलं होतं, आणि तोच माझ्यापुढे पडला होता. काशिनाथला स्वतःला काही आठवत नव्हतं. तेवढे क्षण त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते.

देवराम माझ्यावर आळ घेत नव्हता, हेही सांगायला हवं. दोन दांड्या आतून जोडलेल्या असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की ब्रेक बिघडला असेल, यंत्राचं काहीतरी झालं असेल, काहीही, पण भावाचा दोष नाही असं सरांनी म्हणावं. म्हणजे तो व्हरांड्यातल्या भावाला आत बोलवणार होता.

आणि मी — मी खुर्ची ओढून त्याच्या जवळ सरकलो. आवाज खाली आणला. वर्गात मठ्ठ पोराला समजावतो तितक्या प्रेमाने मी त्याला समजावलं. म्हटलं, देवराम, अंगावर एवढं मोठं धूड येत असताना माणसाला हात दिसतो का पाय? घाबरल्यावर डोळ्यांना भास होतात, विज्ञानात हे सिद्ध झालेलं आहे. काचेवर उन्हाची तिरीप चमकली असेल, तुला हात वाटला. तू भावावर माया करतोस, म्हणून तुला तसं दिसावंसं वाटतं. आणि हे काशिनाथला सांगू नकोस, उगीच त्याचा गोंधळ होईल. त्याने चूक मान्य केलीय, त्यातून तो सावरतोय, सावरू दे.

त्याच्या कपाळावर आठी होती. मी बघत होतो, ती आठी हळूहळू सुटत गेली. डोळ्यांनी पाहिलेलं त्याने एकेक करून सोडून दिलं, मी सांगितलं म्हणून. शेवटी म्हणाला, "तुमी म्हनता तर नसंल दिसला."

हाच तो. हाच माझा गुन्हा. ब्रेक नाही, गप्प राहणंही नाही. पाय मोडलेल्या माणसाच्या डोळ्यांवरचा त्याचा स्वतःचा विश्वास मी काढून घेतला. त्याच्याकडे दुसरं होतं काय?

पुढचं लवकर सांगतो, त्यात सांगण्यासारखं मी काही केलेलं नाही. देवरामचा गुडघा पुन्हा वाकला नाही. उतारावरचं शेत ताठ पायाने होत नाही. काशिनाथ एसटीच्या चाचणीला गेलाच नाही. मी त्याला समजवायला गेलो होतो — होय, मीच गेलो होतो, एवढा निलाजरा — तर म्हणाला, सर, माझ्या हातात ब्रेक नको. बस भरून माणसं असतात. जीपही सोडली त्याने. पावसाळ्यात दोन्ही घरांची शेतं एकटा कसायचा, दिवाळीनंतर ठाण्याकडे बांधकामावर मजुरीला जायचा. जीप चालवणारा तो माणूस आता जव्हारला यायचं तर मागच्या सीटवर बसतो, आणि घाटात ड्रायव्हरच्या पायाकडे बघत नाही.

माळावरचा कॅम्प त्यानंतर एकच हिवाळा लागला. मेजर थकले. ग्लायडर नाशिकला कुठल्याशा शेडमध्ये गेला. मी परवान्याची मुदत संपू दिली. लोकांना वाटलं, सरांनी त्या अपघाताचं मनाला लावून घेतलं. किती संवेदनशील माणूस!

काशिनाथ मला अजून मानतो. नागली निघाली की पिशवीभर घेऊन येतो. मी नको म्हणत नाही. नको म्हणायला कारण द्यावं लागेल ना. पिशवी घेतो, चहा करायला सांगतो, तो निघाला की दार लावतो आणि बसून राहतो. भाकरी मात्र खातो. मनाची नाही तर जनाची तरी म्हणतात, माझ्याजवळ फक्त जनाचीच उरली.

देवराम काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. एप्रिल असेल. भेटायला सूर्यमाळला गेलो. उन्हाळ्यात त्या पाड्यांवर पाण्याचे काय हाल असतात ते तिथल्या माणसालाच विचारा. काशिनाथ खालच्या झऱ्यावर गेला होता, दोन्ही घरांचं पाणी तोच आणायचा. घरात देवराम आणि मी. त्याची नुसती हाडं उरली होती. ताठ पाय तेवढा वाकळेखालून बाहेर आलेला.

इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. डोळे मिटूनच त्याने विचारलं.

"सर, तवा मना खराच दिसला नव्हता का त्याचा हात?"

मरणाऱ्या माणसाला माझ्याकडून काय भीती होती? आणि मला तरी त्याच्याकडून काय? परवाना नव्हता, कॅम्प नव्हता, मेजरही गेले होते. घरात तिसरं कुणी नव्हतं. एक शब्द होता, बोलायला जेमतेम श्वासभर वेळ. मी त्याचा हात हातात घेतला.

"नव्हता, देवराम," मी म्हणालो. "भास होता तो."

त्याने मान हलवली. हलकं झाल्यासारखा दिसला.

"मंग बरा झाला," तो म्हणाला. "मी काशीला कधी सांगितला नाय. उगा खोटी आस लागली असती पोराला."

बाहेर पावलं वाजली. काशिनाथ डोक्यावर हंडा घेऊन आत आला, घामाने निथळत. हंडा उतरवून त्याने तांब्या भरला. भावाला देण्याआधी तो त्याने माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि प्यालो.